आधी कंदील सोडायचा

अण्णांनी आमटी सोडली ती २०१२च्या दिवाळीनंतर. भाऊबीजेच्या रात्री त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला, लालभडक झाला आणि पहाटे तीनला त्यांच्या कण्हण्याने घर जागं झालं. चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून राबलेला माणूस. दिवसभर पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरायचं, काट्यापाशी उभं राहून वजनं लिहायची आणि संध्याकाळी सदऱ्यापासून भुवयांपर्यंत पिवळं होऊन घरी यायचं. दुखतंय म्हणून बसलेले आम्ही त्यांना कधी पाहिलेच नव्हते. त्या रात्री म्हणाले, "पंखा बंद करा. वारा टोचतोय."

वारा टोचतोय. पुढे या आजाराबद्दल, म्हणजे गाऊटबद्दल, मी पुष्कळ वाचलं, पण त्या दोन शब्दांइतकं नेमकं वर्णन मला कुठे सापडलं नाही. अंगठ्यावर चादरीचं वजन सहन होत नव्हतं. पलंगाला कुणाचा गुडघा लागला तरी त्यांचा श्वास अडकायचा.

सकाळी रक्त तपासलं. युरिक अ‍ॅसिड ८.९. ज्या दवाखान्यात नेलं तिथे एक छापील कागद मिळाला. डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, फ्लॉवर बंद. आणि ठणका लागला की घ्यायची एक वेदनाशामक गोळी. हे का होतं ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. युरिक अ‍ॅसिड प्रथिनांमुळे वाढतं, प्रथिनं डाळीत असतात, म्हणून डाळ बंद, एवढाच हिशेब आम्ही मनाशी मांडला.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हे इथेच सांगायला हवं, कारण त्या कागदाचा अंमल घरात सगळ्यात कडक मी केला. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढप्याने अण्णांच्या पानात आमटीची वाटी ठेवली. मी शेजारून हात घातला आणि सगळ्यांदेखत ती उचलून माझ्याकडे घेतली. "तुम्हाला चालत नाही, अण्णा." ते वाटीकडे बघत राहिले, मग भातावर तूप घेऊन तसाच कोरडा भात जेवले. सात वर्षं ते तसेच जेवले. दर काही महिन्यांनी अंगठा ठणकायचा आणि दर वेळी घरातला कुणी ना कुणी विचारायचा, "काय खाल्लंत?" आमच्याकडे दुखण्याला कारण लागतं, आणि ते कारण दुखणाऱ्याच्याच ताटात सापडावं अशी सगळ्यांची इच्छा असते. अण्णा आठवून आठवून सांगायचे. परवा शेजारच्या वाढदिवसाला दोन भजी खाल्ली होती. सोमवारी आईने घातलेलं वरण चुकून भातात आलं होतं. गुन्हा कबूल केल्यासारखे सांगायचे.

आयुर्वेदात या दुखण्याला वातरक्त म्हणतात आणि त्याचं एक नाव आढ्यवात असंही आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. अडतीवर पगारात संसार केलेल्या माणसाला हे नाव ऐकवायला माझी जीभ रेटली नाही.

मग २०१९चा ऑगस्ट आला. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर गेलं की धोका. त्या वर्षी ते ५७ फुटांच्याही वर गेलं. आमचं घर गावभागात. निघताना आईने पोथी, दागिन्यांचा डबा आणि हळदीचा डबा उचलला. विश्रामबागला आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौदा माणसं होतो. बाहेर सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकर आला की बादल्या भरून जिन्याने वर आणायच्या. अण्णा पाणी जवळजवळ पीत नव्हते, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नातवंडांना पुरावं, आणि एकाच संडासापुढे एवढ्या माणसांत आपली भर नको, एवढाच त्यांचा विचार. तिसऱ्या रात्री अंगठ्याबरोबर डावा गुडघाही फुगला. मेणबत्तीच्या उजेडात आईने हळद कालवून लेप घातला. अंधारातून कुणीतरी विचारलंच, "काय खाल्लं होतं?" त्या दिवशी सगळ्यांनी एकाच पातेल्यातली खिचडी खाल्ली होती.

रस्ते खुले झाल्यावर त्यांना मिरजेला नेलं. संधिवाताच्या डॉक्टर होत्या, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी सात वर्षांचे कागद शांतपणे पाहिले. क्रिएटिनिन १.९ झालं होतं. "वेदनाशामकांनी मूत्रपिंडांना त्रास झालाय," एवढंच म्हणाल्या, कुणाला दोष दिला नाही. मग गुडघ्यातून सुईने थोडं पाणी काढलं. पिवळसर, गढूळ. त्याचा थेंब काचेवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाशी बसल्या आणि थोड्या वेळाने अण्णांनाच म्हणाल्या, "या काका, बघा तुमच्या गुडघ्यात काय आहे."

अण्णा डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सुया हायत. काही हळदीगत पिवळ्या, काही निळ्या."

त्यांच्यानंतर मी पाहिलं. ध्रुवित प्रकाशात युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, स्फटिक सुयांसारखे चमकतात. सूक्ष्मदर्शकातल्या एका ठरावीक अक्षाला समांतर असतील तर पिवळे दिसतात, काटकोनात असतील तर निळे. ही तपासणी १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर या दोन डॉक्टरांनी दाखवून दिली, आणि आजही गाऊटचं निदान पक्कं करायचं तर तीच करतात. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तसे स्फटिक स्वतःच्या धडधाकट गुडघ्यात टोचून घेतले. काही तासांत गुडघे सुजले. विरघळलेलं युरिक अ‍ॅसिड रक्तात वर्षानुवर्षं गप्प असतं. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड असलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. ठणका लागतो तो त्याची सुई झाल्यावर.

पण सुई टोचते म्हणून दुखतं असं समजाल तर तेही खरं नाही, डॉक्टर म्हणाल्या. हेच स्फटिक दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातही सांध्यात सापडतात. टोचूनच दुखायचं असतं तर रोज दुखलं असतं. "दुखवतात ते तुमचेच राखणदार, काका. त्यांना वाटतं घरात कुणी घुसलंय."

त्या वाक्याने मला माझ्याच विषयाच्या पुस्तकाशी परत नेऊन बसवलं. प्रतिकारशक्तीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत होते. त्यातला बहुतेक वेळ अँटिबॉडी, लस, टी पेशी आणि बी पेशींवर जायचा, म्हणजे शिकणाऱ्या आणि लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारशक्तीवर. जन्मजात प्रतिकारशक्तीला अर्धं पान. त्वचा, अश्रू, जंतू गिळणाऱ्या पेशी, झालं. या गिळणाऱ्या पेशींना आपण काय गिळतोय हे कळतं कसं, हा प्रश्न कधी माझ्या मनात आला नाही आणि एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. शास्त्रज्ञांनीही तो फार उशिरा विचारला. अमेरिकेतल्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली एका व्याख्यानात तो मांडला. लस टोचताना नुसतं शुद्ध प्रथिन दिलं तर शरीर ढिम्म राहतं, सोबत मेलेल्या जंतूंचा अंश मिसळला की जागं होतं. म्हणजे शिकणाऱ्या पेशींच्या आधी कुणीतरी 'हे जंतूचं आहे' असं ओळखत असलं पाहिजे, आणि ती ओळख शिकलेली नाही, आईबापांकडून जनुकांतून आलेली असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

पुरावा आला तो माशीतून. ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड या जर्मन शास्त्रज्ञ फळमाशीच्या गर्भाची वाढ अभ्यासत होत्या. एक विचित्र गर्भ पाहून त्यांच्या तोंडून 'टोल' असा उद्गार निघाला. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'भन्नाट'. तेच त्या जनुकाचं नाव पडलं. (माझ्या वर्गातल्या मुलांना टोल म्हटलं की हायवेवरचा किणीचा नाका आठवतो आणि मी त्यांना आठवू देते, नाव विसरत नाहीत.) १९९६ साली फ्रान्समध्ये जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की हे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. अंगावर बुरशीचे केस उगवलेल्या त्या मेलेल्या माशीचा फोटो मी आता दरवर्षी वर्गात दाखवते. १९९७ साली जेनवे आणि रुस्लान मेझितोव्ह यांना माणसातही तसाच टोल सापडला, आणि १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांनी दाखवलं की त्यातलाच एक ग्राही (म्हणजे ओळख पटवणारं पेशीतलं प्रथिन), टीएलआर-४, काही जिवाणूंच्या आवरणातला स्निग्ध अंश ओळखतो. हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११चं नोबेल मिळालं. जेनवे २००३ सालीच गेले होते.

माणसाकडे असे दहा टोलसदृश ग्राही आहेत. कुणी जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन ओळखतो, कुणी विषाणूचा आरएनए. शत्रूंच्या लाखो जाती, आणि राखणीला हे मोजके पहारेकरी. म्हणून ते चेहरा लक्षात ठेवायच्या फंदात पडत नाहीत. चोराचा पोशाख तेवढा ओळखतात. आणि त्यात चुकतातही. पुरानंतर आमच्या भागात लेप्टोची भीती असते, आरोग्यसेवक घरोघर येऊन डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात. त्या तापाच्या जिवाणूचं, लेप्टोस्पायराचं, आवरण उंदराच्या टीएलआर-४ला ओळखता येतं, माणसाच्या टीएलआर-४ला येत नाही. हे वाचलं तेव्हा गावभागातल्या घराची चिखलाने भरलेली मोरी आणि तिच्यात अनवाणी उतरलेली आई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

पण अण्णांच्या गुडघ्यात जंतू कुठे होता? युरेट तर आपलंच. पेशी मरतात, त्यांचे तुकडे होतात, त्यातून ते रोज तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचा पुढे निकाल लावणारं एक विकर (एन्झाइम) असतं, युरिकेज. माणसाच्या पूर्वजांनी ते एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी गमावलं. मग आपल्याच घरातली वस्तू पाहून पहारेकऱ्याने बोंब का ठोकावी?

हे मला पुस्तकांनी शिकवलं, पण उमजलं अण्णांमुळे. एका संध्याकाळी मी त्यांना एनएलआरपी-३ नावाच्या ग्राहीबद्दल सांगत होते. तो टोलसारखा पेशीच्या दारात बसत नाही, आत बसतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली दाखवलं की युरेटचे स्फटिक याच ग्राहीतून आग लावतात. अडचण अशी की तो ग्राही स्फटिकाला शिवत नाही. स्फटिक गिळलेल्या पेशीचं पोट आतून फाटतं, पेशीतलं पोटॅशियम बाहेर वाहून जातं, आणि त्या घसरणीने तो जागा होतो. म्हणजे शत्रूला न पाहताच ओरडतो. मी म्हटलं, "हे मुलांना कसं समजवावं मला कळत नाही, अण्णा."

अण्णांचं आजोळ हरिपूर. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जायचं. पेव म्हणजे जमिनीखालचं वीस-पंचवीस फूट खोल कोठार, वर तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुरात पाणी शिरलं आणि कित्येक पेवं हळदीसकट गेली. लहानपणी मामाबरोबर अण्णा पेव उघडायला जायचे.

ते म्हणाले, "पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं न्हाई. आधी कंदील सोडायचा, दोरीनं. विझला तर वर ओढायचा आन थांबायचं. आत कुठला वायू साठलाय हे कंदिलाला काय म्हाईत? त्याला एवढंच कळतंय, हितं जळता येत न्हाई."

मी वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं. एनएलआरपी-३ हा पेवात सोडलेला कंदील आहे. युरेटची सुई असो, दगडफोडीतली सिलिकाची धूळ असो, रक्तवाहिनीच्या भिंतीतला कोलेस्टेरॉलचा स्फटिक असो, तो नाव विचारत नाही. पेशीच्या आतली हवा बिघडली एवढंच त्याला कळतं. कळलं की असे अनेक ग्राही चाकासारखे एकत्र येतात आणि एक कात्री मोकळी होते, कॅस्पेज-१. ती इंटरल्युकिन-१ बीटा या संदेशाचं सील कापते, पेशीच्या कडेला भोकं पडतात आणि संदेश बाहेर. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी झुंडीने सांध्यात घुसतात. लाली, ऊब, सूज, ठणका हे सगळं त्या झुंडीचं काम.

आणि हे घडायला दोन पायऱ्या लागतात. आधी टोलसारख्या ग्राहीने पेशीला सावध केलेलं असावं लागतं, म्हणजे तो संदेश आधी तयार होऊन कुलपात पडलेला असतो. मग स्फटिक ते कुलूप काढतो. नुसते स्फटिक म्हणूनच गप्प पडून राहू शकतात. एखादं जड जेवण, दारू, ताप, शरीरातलं पाणी कमी होणं, मोठी दगदग, यांतल्या कशानेही गणित फिरू शकतं. भाऊबीजेचं जेवण आणि पुरातलं ते न प्यालेलं पाणी मला तेव्हा एका ओळीत दिसलं. म्हणजे खाण्याचा संबंध अजिबात नाही असं मी म्हणत नाही. मटण, मासे, बिअर यांनी गाऊटचा धोका वाढतो हे मोठ्या पाहण्यांत दिसलंय. त्याच पाहण्यांत डाळी आणि पालकासारख्या भाज्यांनी धोका वाढलेला दिसत नाही, आणि दूध-ताक उलट बरं. युरोपीय वंशाच्या अमेरिकन लोकांमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसामाणसांतल्या युरिक अ‍ॅसिडच्या फरकात आहाराचा वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी निघाला, आनुवंशिकतेचा सुमारे २४ टक्के. आम्ही मात्र आमटीची वाटी उचलायची आणि 'थंड असतो' म्हणून उन्हाळ्यात रसवंतीवरचा उसाचा रस त्यांना आग्रहाने पाजायचा. साखरेतल्या फ्रुक्टोजने युरिक अ‍ॅसिड वाढतं, हे त्या छापील कागदावर नव्हतं.

हळदीबद्दलही लिहायला हवं, कारण सांगलीत राहून ते टाळणं बरं नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीतलं कुर्क्युमिन हे द्रव्य टाकलं की दाहाचे कितीतरी संदेश थांबलेले दिसतात, हे खरं आहे. पण ते अस्थिर आहे, आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं, आणि बशीतल्या चाचण्यांनाही ते फसवतं असं औषधरसायनाच्या अभ्यासकांनी सावध केलंय. चाळीस वर्षं अण्णांनी हळद श्वासातून घेतली. आईच्या लेपाने त्या रात्री त्यांना बरं वाटलं, कारण तो लावताना तिचा हात अतिशय हलका होता. मी पाहिलं आहे.

उपचाराची गोष्ट मात्र मला सगळ्यात सुंदर वाटते. डॉक्टरांनी झटक्यासाठी कोल्चिसिन दिलं, मूत्रपिंडं पाहून अगदी कमी मात्रेत. हे औषध पेशीच्या आतले सूक्ष्म रूळ मोडतं. त्यामुळे पांढऱ्या पेशींची चाल अडखळते आणि कंदिलाभोवतीची ती जुळणीही नीट होत नाही. युरोपात ते एका केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडाच्या कंदातून मिळतं आणि सांधेदुखीवर त्याचा वापर दीडेक हजार वर्षांपासून आहे. आपल्याकडे ते ज्या झाडात आहे ते मी दंडोबाच्या डोंगरात दर श्रावणात बघत आले होते. कळलावी. झुडपांवर चढलेला वेल, आगीच्या जिभांसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्या, पानांच्या टोकांना आकडे. तमिळनाडूत तिची शेती होते आणि बियांतून कोल्चिसिन काढतात. आमच्या आजीने हे फूल कधी घरात आणू दिलं नाही, घरात कळ लागते म्हणायची. कळ म्हणजे भांडण आणि कळ म्हणजे वेदनाही. बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून जुन्या बायका हिचा कंद वापरत, म्हणून ती कळ लावणारी. तिच्याच पोटातलं द्रव्य अण्णांच्या अंगठ्याची कळ काढायला आलं. कृपा करून कुणी हे वाचून कंद खणायला जाऊ नका. विष आहे ते, थोडं जास्त झालं तरी माणूस दगावतो आणि त्यावर उतारा नाही. गोळीत मात्रा मोजलेली असते, कंदात नसते.

दुसरी गोळी रोजची, युरिक अ‍ॅसिड कमी करणारी. अ‍ॅलोप्युरिनॉल. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८चं नोबेल मिळालं. रक्तातलं प्रमाण सहाच्या खाली ठेवलं की स्फटिक हळूहळू विरघळतात. मात्र पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण विरघळता विरघळता जुने थर सुटतात. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. तरी दिवाळीच्या तोंडावर अंगठा पुन्हा फुगला तेव्हा घरभर एकच सूर लागला, गोळीनेच वाढवलं. अण्णाही गोळी सोडायला निघाले होते. त्या वेळी मी कसलेही आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, "बंद पडलेलं पेव साफ करायला घेतलं की आधी काय होतं?"

"धूळ उठती," ते म्हणाले आणि गोळी घेतली.

एक प्रश्न त्यांनी मला विचारला तो अजून मनात आहे. माझ्या काकांना आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मी सांगितलं की तिथेही हाच कंदील असू शकतो, कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांनी विझणारा. २०१७ साली एक मोठी चाचणी झाली. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांपैकी काहींना इंटरल्युकिन-१ बीटाला पकडून ठेवणारं औषध दिलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता पुढचे झटके, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. अण्णा म्हणाले, "मग हा कंदील कायमचा काढूनच का टाकत न्हाईत?" मी त्यांना चाचणीचा उरलेला भाग सांगितला. औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणारे जास्त निघाले. अण्णा गप्प बसले. मग म्हणाले, "वाऱ्यानंसुदीक विझायचा कंदील. मामा परत पेटवायचा आन परत सोडायचा."

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, जी मला स्वतःलाही फार उशिरा कळली. गाऊटचा झटका औषध न घेताही साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो, आणि सांध्यातले स्फटिक तिथेच असतात. मग तो थांबतो कसा? २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की झुंडीने आलेल्या पांढऱ्या पेशी मरता मरता आपल्याच डीएनएची जाळी बाहेर फेकतात. ती जाळी गुंतून तिचे गोळे होतात, त्यांत स्फटिक बांधले जातात आणि आग पसरवणारे संदेश तिथेच कापले जातात. ज्यांनी आग लावली त्यांचीच राख ती विझवते. अण्णा आपल्या पायाकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. अंगठ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

आमटी मात्र लगेच परत आली नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, डाळ खा. घरी येऊन मी आईला आनंदाने सांगितलं, आईने त्याच दिवशी आमटी केली, आणि अण्णांनी वाटी स्वतःच्या हाताने बाजूला सारली. "नको. उगीच रात्री तुम्हाला जागरण." सात वर्षांत त्यांच्या अंगात हे मुरलं होतं. मी एकदोनदा आग्रह केला. मग सोडून दिलं, कारण आग्रह करायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मार्च २०२०ला युरिक अ‍ॅसिड ५.६ आलं. तो महिना संपायच्या आत सगळं बंद झालं. यार्ड बंद, सौदे बंद, गावभागातल्या आमच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच. एका दुपारी आई ताटं वाढत होती. अण्णा पाटावर बसले, ताटाकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी वाटी कुठंय?"

मी उठून वाटी आणली. आईने पळीभर वाढली, मग आणखी पळीभर. त्यांनी फुंकर मारली, वाटी तोंडाला लावून एक घोट घेतला, तो तोंडात घोळवला.

"चिंच जुनी हाय," ते म्हणाले. "यंदाची आलीच नसंल बाजारात."